उठायचं ठरवून

दुपारच्या झोपेच्या बाबतीत भावजींनी आयुष्यात कधी तडजोड केली नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी औषधांच्या दुकानात पुड्या बांधल्या, पण जेवणानंतर काउंटरमागच्या बाकावर अर्धा तास काढल्याशिवाय कुणाला खोकल्याची बाटलीसुद्धा दिली नाही. निवृत्त झाल्यावर ते वहिनींच्या खासगी तपासाच्या कचेरीत मदतनीस म्हणून बसू लागले. बसू लागले म्हणजे खरोखरच बसू लागले. धावपळ वहिनी करत.

म्हणूनच शुक्रवारी सकाळी समोरच्या खुर्चीतली बाई काय म्हणतेय, ते त्यांना आधी कळलंच नाही.

"माझे वडील झोपायला घाबरतात."

"म्हणजे झोप येत नाही का?" भावजींनी विचारलं. "रात्री गरम दूध..."

"येते हो. डोळे आपोआप मिटतात. मग ते अंगठ्यात टाचणी टोचून घेतात. चार रात्री झाल्या. तो अंगठा बघवत नाही मला."

वहिनींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पहिल्यापासून सांग बाई."

ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सांगणंही पायरीपायरीने झालं. तिचे वडील, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, शब्दकोशाचे संपादक. वय चौऱ्याहत्तर. इंग्रजी शब्द, त्याचे मराठी अर्थ आणि वापराची उदाहरणं असा जाडजूड कोश. पहिली आवृत्ती चाळीस वर्षांपूर्वी निघाली, आता दुसरीचं काम चाललं होतं. रोज दुपारी दोन वाजता अप्पा कोशाच्या कचेरीतल्या आपल्या खोलीत जात, आतून कडी लावत आणि कोचावर बरोबर वीस मिनिटं झोपत. कित्येक वर्षांचा नेम होता.

"सोमवारी उठले तर कोचाच्या पायथ्याशी जमिनीवर हे पडलेलं. मंगळवारी दुसरं. काल तिसरं."

तिने टेबलावर तीन कार्डं मांडली. कोशाची उदाहरणं लिहायची साधी कार्डं. वरच्या कोपऱ्यात 'नॅप' हा शब्द, खाली एक इंग्रजी वाक्य, त्याखाली मराठी.

सोमवारचं: 'जरा पडतो, असं तो म्हणाला; पण त्याचा आवाज वेगळाच होता.'

मंगळवारचं: 'शत्रूने त्याला डुलकीतच गाठलं.'

गुरुवारचं: 'वडील जेवून डुलकी घ्यायला आडवे झाले, ते उठलेच नाहीत.'

भावजींनी हात मागे घेतला.

"दाराखालून सरकवलं असेल कुणीतरी," ते म्हणाले.

"दाराखाली जाजम अडकतं, सुई जायची नाही. खिडकीला बारीक जाळी आहे. आणि अक्षर..." तिने गुरुवारचं कार्ड पुढे सरकवलं. "अक्षर बाबांचंच आहे, ताई. मी नाही का ओळखणार? माझे आजोबा असेच गेले. दुपारी आडवे झाले ते गेलेच. बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आता म्हणतात, मीच झोपेत उठून लिहितोय, माझंच मन मला बोलावतंय."

"बुधवारी काय झालं?"

"बुधवारी काही नव्हतं. त्या दिवशी धड झोपच लागली नाही म्हणाले."

झोप नाही तर कार्ड नाही, भावजींनी मनाशी जमवून टाकलं. सगळं लख्ख दिसत होतं आणि जे दिसत होतं ते भयंकर होतं.

"उद्या मंडळाची बैठक आहे," ती म्हणाली. "बाबांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून त्यांना काढतील. कोश गेला तर ते जगायचे नाहीत. आणि असे जागत राहिले तर बैठकीपर्यंतही टिकायचे नाहीत."

कोशाची कचेरी म्हणजे एक लांबलचक दालन. चारी भिंतींना छतापर्यंत लाकडी खणांच्या पेट्या, मधोमध तीन टेबलं, हवेत खळीचा आणि जुन्या कागदाचा वास. टोकाला अप्पांची खोली. तिच्या दाराशेजारी एक उघडं फडताळ होतं आणि त्यावर नीट घडी केलेलं लोकरीचं पांघरूण आणि उशी ठेवलेली होती.

अप्पांचे डोळे लालभडक झाले होते. त्यांनी भावजींकडे पाहून पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही झोपता का?"

"झोपतो की. दोन वाजता."

"आणि उठता?"

भावजी वहिनींकडे बघू लागले.

वहिनींनी मात्र विचारलं, "अप्पा, नॅप म्हणजे नक्की काय हो?"

विझत आलेल्या शेगडीवर फुंकर मारावी तसा म्हातारा उजळला. "तीन आठवडे त्यावरच भांडतोय आम्ही! डुलकी म्हणाल, तर डुलकी माणसाला न विचारता येते, बसल्या बसल्या मान टाकते. पेंग तर त्याहून लाचार. वामकुक्षी जेवणानंतरचीच, तीही डाव्या कुशीवर. आपण 'जरा पडतो' म्हणतो, ते सगळ्यात जवळचं. कापडावरच्या लवेलाही नॅपच म्हणतात, पण ती नोंद वेगळी, खण वेगळा. झोपेचा हा अर्थ मी असा बांधलाय, बघा." त्यांनी कोरं कार्ड ओढून लिहायला घेतलं. पेन कागदावर टकटक वाजत होतं. अक्षरं मुंग्यांची रांग कुणीतरी विस्कटावी तशी उमटली: 'उठायचं ठरवून घेतलेली थोडी झोप.'

"हात तीन वर्षं असाच आहे," ते ओशाळून म्हणाले. मग त्यांची नजर आपल्याच वाक्यावर खिळली आणि चेहऱ्यावरचा उजेड गेला.

वहिनींनी ते कार्ड उचलून कालच्या कार्डावर ठेवलं. नवं कार्ड बोटभर जास्त लांब होतं. त्याच्या तळाशी आखलेल्या पट्टीत तारीख आणि लिहिणाऱ्याची खूण घालायला जागा होती.

"अंथरूण-पांघरूण बाहेर का?" त्यांनी विचारलं.

"सकाळी माझ्या कोचावर भेटायला आलेले लोक बसतात, म्हणून. दोन वाजता मीच आत नेतो. पांघरुणाला अजून साबणाचा वास मारतोय. बुधवारी लेकीने धुवायला नेलं आणि मी दुपारभर कुडकुडलो."

वहिनींनी भावजींना फडताळासमोरच्या स्टुलावर बसवलं. "इथून हलायचं नाही. हे तुम्हाला जमेल."

एकेकाला बोलावणं झालं. पहिल्या आल्या उपसंपादक. त्यांचं कचेरीतलं नाव 'स्वल्पविराम', कारण त्या कुणालाही वाक्य संपवू देत नसत.

"अप्पा विद्वान आहेत, पण एका शब्दावर तीन आठवडे? असा कोश आमच्या नातवंडांनाही दिसायचा नाही. त्यांच्या खुर्चीवर डोळा आहे का विचारणार ना? आहे. सव्वीस वर्षं काम केलंय, फुकट नाही." बोलता बोलता त्यांनी हातातलं चुकलेलं कार्ड टराटरा फाडलं आणि टोपलीत भिरकावलं. "एक मात्र अप्पांनी शहाणपणाचं केलं. सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढली आहेत, आता या पेट्या रद्दीत काढायचा ठराव उद्या तेच मांडणार आहेत. सुटलो एकदाचे या धुळीतून."

दुसरा आला व्यवस्थापक, अप्पांचा पुतण्या. गोडबोल्या माणूस. "अप्पाकाकांना विश्रांती हवी, बाकी काय? मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय." वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायचा त्याचा विचार होता, हेही त्याने न विचारता सांगून टाकलं. वहिनी म्हणाल्या, "नॅप या शब्दाची जुनी पेटी दाखवता?" तो भिंतीपुढे उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं आणि हसला. "ते पेटीवाल्यांना विचारा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

पेटीवाले हे तिसरे. कोशाइतकीच जुनी त्यांची नोकरी. अंगाने काडी, आवाज हळू. ते आले तेव्हा त्यांच्या हातात स्वल्पविरामबाईंनी फाडलेलं कार्ड होतं. चारही तुकडे त्यांनी खळीने जोडले होते आणि वर फुंकर मारत होते.

"हे तर चुकलेलं कार्ड," भावजी म्हणाले.

"चुकलेल्यांचा खण वेगळा आहे," पेटीवाले म्हणाले. "इथे आलेला कागद बाहेर जात नाही साहेब. चाळीस वर्षांत एक गेला नाही."

"अप्पांबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"देवमाणूस. हल्ली विसरतात." त्यांनी खाली बघितलं. "बरंच विसरतात."

"पहिल्या आवृत्तीच्या पेट्या कुठे आहेत?"

"माळ्यावर. छापून झाल्यापासून कुणी उघडलेल्या नाहीत. धुळीने बरबटलेल्या आहेत, बाई, तुम्ही नका चढू. आणि साहेब, जरा उठता का? फडताळ पुसायचं होतं."

भावजी हलले नाहीत. त्यांना हलायचं नाही असं बजावलं होतं, आणि तो हुकूम त्यांच्या प्रकृतीला मानवणारा होता. थोड्या वेळाने पेटीवाले पुन्हा फडकं घेऊन आले आणि पुन्हा तसेच परत गेले.

दोन वाजायला आले तेव्हा वहिनी अप्पांना म्हणाल्या, "आज रोजच्यासारखं पडायचं. सगळं रोजच्यासारखं करायचं."

"बाई, माझ्याच्याने नाही होणार."

"झोपू नका हवं तर. नुसते पडा. दाराशी भावजी बसतील."

मुलीने बापाचा हात धरला. अप्पांनी तो सोडवून घेतला. त्यांनी खोलीत जाऊन चष्मा काढून खिडकीत ठेवला, तांब्यातलं पाणी डोळ्यांना लावलं, मग बाहेर येऊन चाचपडत पांघरूण आणि उशी उचलली. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज भावजींनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

वहिनी माळ्याची शिडी चढून गेल्या.

ती पंधरा मिनिटं भावजी जन्मात विसरणार नाहीत. भरल्या पोटी, दोन वाजता, भिंतीला पाठ टेकून बसूनही त्यांचा डोळा लागला नाही. दारापलीकडून कोचाची करकर ऐकू यायची आणि मग नुसती शांतता. शांतता वाढली की त्यांना तो म्हातारा बाप दिसायचा, जेवून आडवा झालेला. आपणही रोज असेच आडवे होतो, हा विचार त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिवला. त्यांनी आपली नाडी बघितली. नाडी होती.

वहिनी खाली उतरल्या. त्यांना धुळीचं वावडं. घरी कपाट झाडलं तरी दहा शिंका. भावजी रुमाल पुढे करून वाट बघत राहिले, पण शिंक आलीच नाही. वहिनींचे हातही स्वच्छ होते.

"पंधरा मिनिटं झाली," मुलगी कुजबुजली.

तेवढ्यात आतून किंकाळी आली.

कडी निघाली, दार उघडलं. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. चष्मा नाकावर वाकडा, हातात कार्ड.

"मी झोपलोच नाही!" ते ओरडले. "एक क्षण डोळा मिटला नाही! कोणी आलं नाही, मी उठलो नाही, तरी हे आलं! म्हणजे मी जागेपणीही... मला जागेपणीही कळत नाही मी काय करतो ते!"

कार्डावर लिहिलं होतं: 'डुलकीतून तो उठला तेव्हा घरात कुणीच उरलं नव्हतं.'

पुतण्या म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?" मुलगी त्याच्या अंगावर धावली. स्वल्पविरामबाईंना पहिल्यांदाच पुढचा शब्द सुचला नाही. भावजींना वाटलं, संपलं. म्हातारा आता हातचा गेला.

"अप्पा, बसा," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला आज पडायला लावलं, त्याची आधी माफी मागते. माझी खात्री होती, पण पुरावा नव्हता. तुम्हाला वेड लागलेलं नाही. हे कार्ड तुम्हीच लिहिलंय, आणि तुम्ही ते झोपेत लिहिलेलं नाही. सगळे बसा."

सगळे बसले. पेटीवाले उभेच राहिले.

"भावजी, तुमचं म्हणणं काय?"

भावजींनी घसा साफ केला. "अक्षर अप्पांचं, पण जागेपणी हात थरथरतो आणि कार्डावर अक्षर ठाम आहे. झोपेत हात थरथरत नसावा."

"बघितलंत बरोबर, गेलात मात्र भलतीकडे. हात थरथरायला लागून तीन वर्षं झाली. ठाम अक्षर हे त्याआधीचं अक्षर. आता कडा बघा. तीन कडा पिवळ्या आणि खालची पांढरी, ताजी कापलेली. कार्ड बोटभर तोकडं आहे. तळाची पट्टी कुणीतरी कापली, कारण पट्टीवर तारीख असते. घाबरलेला माणूस वाक्य वाचतो, कागद वाचत नाही. आपण सगळ्यांनी नुसती वाक्यंच वाचली."

"पहिल्या आवृत्तीची कार्डं," अप्पा हळूच म्हणाले.

"तुम्हीच लिहिलेली उदाहरणं. डझनभर असतील, त्यातली भीती घालणारी तेवढी निवडली."

"पण बंद खोलीत?" भावजींनी विचारलं. "मी दाराशी होतो. आणि शपथेवर सांगतो, जागा होतो!"

"जागे होतात, आणि कार्ड तुमच्या डोळ्यांदेखत आत गेलं. अप्पांनीच नेलं. बुधवारी कार्ड का आलं नाही? झोप लागली नाही म्हणून नव्हे. आज कुठे लागली होती? बुधवारी पांघरूण धुवायला गेलं होतं. कार्ड घडीत असायचं. अप्पा आधी चष्मा काढतात, मग घडी उलगडतात. कार्ड पायथ्याशी पडतं, दिसत नाही. उठल्यावर चष्मा लावला की दिसतं."

मुलीने तोंडावर हात धरला. "फडताळापाशी तर कुणीही जाऊ शकतं."

"कुणीही. पण माळ्यावरच्या शेकडो पेट्यांतून हे कार्ड कोण काढेल? पुतणेसाहेबांना पेटी सापडत नाही. उपसंपादक बाईंना सापडेल. मी माळ्यावर गेले. बाकीच्या पेट्यांवर न हललेला धुळीचा थर होता, फक्त एका पेटीवर नव्हता; दुसरीला मला हातही लावावा लागला नाही. आत, कार्डांच्या मूळ जागी, त्याच क्रमाने मला हे मिळालं."

त्यांनी मूठ उघडली. चार कागदी पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर तारीख, प्रत्येकीवर अप्पांची खूण. त्यांनी एकेक पट्टी एकेका कार्डाखाली लावली आणि प्रत्येक पट्टी चपखल बसली.

"या पट्ट्या जाळल्या असत्या तर मी इथे बोलत नसते. बाईंनी कापल्या असत्या तर त्या टोपलीत गेल्या असत्या. त्या कार्ड कसं फेकतात ते आपण पाहिलं. कापलेला बोटभर कपटासुद्धा त्याच्या जागी परत ठेवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा माणूस इथे एकच आहे. आज सकाळी घडीत घातलेलं कार्ड मी आल्यावर त्यांना काढून घ्यायचं होतं. दोनदा फडकं घेऊन आले. पण वाटेत भावजी बसले होते."

सगळ्यांच्या माना वळल्या. पेटीवाल्यांनी फडक्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"सहा लाख कार्डं आहेत," ते म्हणाले. "रद्दीवाला येऊन मोजमाप घेऊन गेला. अप्पा आपणच लिहून विसरतात, असं ठरलं असतं तर त्यांचा ठराव टळला असता. तेवढंच हवं होतं मला. टाचण्यांचं मला माहीत नव्हतं, अप्पा. मुलांची शपथ, माहीत नव्हतं."

"कालचं कार्ड तुम्ही निवडून काढलंत!" मुलगी किंचाळली. "आजोबांचं! तुम्हाला ठाऊक होतं!"

"होतं," पेटीवाले म्हणाले, आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "पट्टीवर तारीख होती."

अप्पांनी गुरुवारच्या कार्डाची पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी लिहिलं मी हे," ते म्हणाले. "कामावर आलो, पुढचा शब्द हाच होता. दुसरं वाक्य सुचेना, म्हणून हेच लिहिलं. मी साफ विसरलो होतो." त्यांनी मान वर केली. "कॉम्प्युटरवर हे वाक्य आहे का हो बाई?"

"नाही," स्वल्पविरामबाई म्हणाल्या. "आपण फक्त चालू आवृत्तीची कार्डं चढवली. पहिलीची राहू द्या असं तुम्हीच..."

"माझीच चूक. उद्या ठराव मांडणार नाही."

पेटीवाल्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "मी निघतो."

"कुठे निघतो? बस तिथे." अप्पांचा आवाज चिरका झाला होता, त्यात राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "चार रात्री मी मेलेल्या बापाला भेटायच्या भीतीने जागलो. याची भरपाई तू करायचीस. मी आता पडतो, वीस मिनिटांनी मला उठवायचं. तू, दुसऱ्या कुणी नाही."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

अप्पांनी दारातच पांघरूण दोनदा झटकलं. काही पडलं नाही. ते आत गेले. या वेळी कडी लागल्याचा आवाज आला नाही.

पेटीवाले दाराशी बसले, हातात घड्याळ. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून सुरुवातीला घोरणं ऐकू आलं आणि मग तेही थांबलं. पेटीवाल्यांच्या कपाळावर घाम डवरला. विसाव्या मिनिटाला ते उठले, दारावर टकटक करायला हात उचलला आणि तो हात हवेतच राहिला.

"वाजवा ना," भावजी कुजबुजले.

"नाही उठले तर?"

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी नजर खाली केली. एकवीस मिनिटं झाली. बावीस.

आतून कोच करकरला.

"पेटीवाले," अप्पांचा झोपेने जड झालेला, चिडका आवाज आला, "किती वाजले रे?"